परसातला देवकापूस

सत्यशीलानं घरामागच्या परसात पाच वाफे केले होते, सगळेच्या सगळे कोंबड्यांसाठी. मका, राळा, राजगिरा, तांदुळजा, आणि मोरीच्या पाण्यावर मेथीघास. कुंपणाला शेवग्याची तीन झाडं. राळ्याचं बी तिनं मुद्दाम शहागंजातून आणवलं होतं. वस्तीवरच्या बाया हसायच्या. साळूबाई तर वाटेनं जाताना हटकून कुंपणापाशी थांबायची.

"काय गं, आज कोंबड्यांना भाजी कशाची?"

"तांदुळजाची, मावशी."

"फोडणी दे बरं. नायतर रुसतील."

सत्यशीलाही हसायची. बारावीपर्यंत ती सायन्सला होती, पुढं लग्न झालं. पण पेरलं कधी, उगवलं कधी, कोंबडी कशाला आधी चोच लावते हे बघत बसायची खोड गेली नव्हती. राजगिऱ्याची कोवळी पानं टाकली की पंधरा कोंबड्या वाफ्याच्या कडेला तुटून पडायच्या. शेवग्याचा पाला आदल्या दिवशीचा, सुकलेला असला तरच खायच्या. मक्याचे दाणे भरडून दिले तर अंड्याचा बलक केशरी व्हायचा. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

परसाच्या कोपऱ्यात देवकापसाची दोन झाडं होती, सासूनं लावलेली. राजाबाईनं सुनेच्या पोटी मूल टिकावं म्हणून वेरूळच्या देवाला लाख वाती बोलल्या होत्या. शेतातला कापूस त्याला चालत नाही, परसातलाच लागतो. सत्यशीलाची दोन गेली होती. एक चौथ्या महिन्यात, एक पाचव्याच्या तोंडाशी. तिसऱ्या वेळेला दिवस गेले आणि त्याच कार्तिकात राजाबाई चार दिवसांच्या तापानं गेली. तोवर त्रेसष्ट हजार वाती झाल्या होत्या. खाटेवर पडल्या पडल्या तिनं सुनेचा हात धरला होता.

"वाती पुऱ्या कर, सत्ये. आर्ध्यात सोडू नको."

तेरावं झालं आणि सत्यशीला ओट्यावर सासूच्या जागी बसू लागली. दुपारी तीनचा सुमार. स्वयंपाक, भांडी, वाफ्यांना पाणी, सगळं उरकलेलं असायचं. मांडीवर कापूस घ्यायचा, बोटांनी सरकी सोडवून सुपात टाकायची, पेळू ओढायचा, तळहातावर वळायचा. तास-दीड तासात सूपभर सरकी पडायची नाही, पण ओंजळभर नक्की व्हायची. काळी, गुळगुळीत, तेलकट बी. राजाबाई ती चुलाण्यात टाकायची, पाणी तापायला. सत्यशीलानं विचार केला, जळणाला काट्या काय कमी आहेत? परसातलं कोंबड्यांच्या पोटात जायला पाहिजे, वाया कशाला घालायचं? तिनं सरकी बत्त्यानं ठेचली आणि अंगणात उधळली.

पहिल्या दिवशी कोंबड्यांनी नुसतं टोचून सोडलं. चौथ्या दिवशी चाटूनपुसून खाल्लं. दहाव्या दिवशी तीन वाजायच्या आधीच त्या ओट्यासमोर येऊन उभ्या होत्या.

उभ्या होत्या, एवढंच. कोंबडी कधी उभी राहत नाही. ती उकरते, टोचते, पंख झाडते, दुसरीला हाकलते. या सगळ्या माना ताठ करून, आवाज न करता, ओट्याकडं तोंड करून थांबल्या होत्या. वारा परसाच्या बाजूनं येत होता आणि त्यांची पिसं एका बाजूला फुलत होती, तरी एकीनंही जागा सोडली नाही.

सासरे त्रिंबक खाटेवर बसून सुंभ वळत होते. मोतीबिंदूनं त्यांना धुरकट दिसायचं.

"कोंबड्या गप झाल्या," ते म्हणाले. "आली वाटतं."

"कोण, मामा?"

ते सुंभाला पीळ देत राहिले.

*

पौष लागला आणि एक तांबडी खुडूक झाली. खुराड्यात अंग फुगवून बसली, जवळ गेलं की गुरगुरायची. सत्यशीलानं कोंड्याच्या टोपलीत साठवलेली अकरा अंडी तिच्याखाली ठेवली. एकविसाव्या दिवशी कवचाला आतून टोचा पडायला हवा होता. बाविसावा गेला. तेविसाव्या दिवशी साळूबाई आली. तिनं एक अंडं कानाशी धरलं, हलवलं.

"खळखळ वाजतंय. मेलंय गं हे."

"सगळी?"

"बघू की फोडून."

दोघी उकिरड्याच्या कडेला बसल्या. साळूबाईनं दगडावर पहिलं अंडं फोडलं आणि हात मागं घेतला. वास नव्हता. कुजलेल्या अंड्याचा असतो तसला वास अजिबात नव्हता. पांढरा असतो तो भाग गुलाबी झाला होता, पाण्यात कुंकवाचं बोट बुडवावं तसा. बलक शेवाळी, घट्ट. पिल्लाचा मागमूस नाही. दुसरं तसंच. तिसऱ्यात नखाएवढा जीव धरून थांबलेला होता, त्याच्याभोवती तोच गुलाबी रंग. साळूबाईनं पुढची फोडली नाहीत. तिनं पदराला हात पुसले, पुन्हा पुसले.

"सत्यशीला, माझं ऐकशील? तू नको अंडी बसवू."

"का, मावशी?"

"कुणाच्या हाताला जीव धरतो, कुणाच्या नाय धरत." एवढं बोलून ती उठली, आणि जाता जाता वळली. "माझी खुडूक देणार होते तुला. राहू दे आता."

संध्याकाळी गारखेड्याहून नणंदेचा फोन आला. योगिनी तिथं एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला होती. सत्यशीलाचा नवरा अंगद कंपनीतून येताना आठवड्याला तिच्याकडं डझनभर अंडी टाकायचा.

"वहिनी, अंड्यांना काय घालतेस गं तू?"

"कोंबड्यांना?"

"हां, तेच. फ्रीजमधली पंधरा दिवसांची दोन अंडी आज फोडली. आत गुलाबी. मी आधी घाबरले, मग हसले, मग परत घाबरले."

"ताजी कशी होती?"

"एकदम चांगली. ठेवलेलीच बिघडली."

सत्यशीला फोन घेऊन वाफ्याच्या कडेला उभी राहिली. ताजी चांगली, ठेवलेली गुलाबी. म्हणजे अंडं घालताना त्यात जे होतं ते दिसत नव्हतं, नंतर दिसायला लागलं. तिचा हात आपोआप पोटावर गेला. डॉक्टरीणबाईंनी रोज एक अंडं खायला सांगितलं होतं. कार्तिकापासून ती रोज एक खात होती. ताजं.

*

संक्रांतीला सर्जेराव पाटलांच्या सुनेकडं, मेघाकडं हळदीकुंकू होतं. मेघाच्या लेकीचं बोरन्हाणही त्यातच. पोरीला हलव्याचे दागिने घातले होते आणि बायका तिला एकेक करून मांडीवर घेत होत्या. सत्यशीलाच्या बाजूच्या बाईनं पोरीला उचललं, आणि सत्यशीलानं हात पुढं केले. मेघा लगबगीनं आली.

"तिला भूक लागलीय, वहिनी. आत नेते."

पोर आत गेली नाही. दुसऱ्या बाजूनं फिरून पुढच्या मांडीवर गेली. सत्यशीलानं पुढं केलेले हात थोडा वेळ तसेच राहिले. मग तिनं ते तिळाच्या वाटीकडं नेले, जणू त्यासाठीच उचलले होते. साळूबाई समोर बसून जमिनीकडं बघत होती.

घरी येऊन तिनं अंगदला काही सांगितलं नाही. तो जेवताना म्हणाला, "आईचं वर्ष होईपर्यंत कोंबड्या नकोत. विकून टाकू का?"

"का?"

"लोकं बोलायलेत."

"काय बोलायलेत?"

"आई घर सोडंना म्हणत्यात. दुपारी कोंबड्या तिच्या जागेकडं बघत बसत्यात म्हणं."

"बघत्यात," सत्यशीला म्हणाली. "पण त्या जागेवर मी बसते."

अंगदनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात घालायचा राहून गेला.

*

दुसऱ्या दिवशी तिनं चार डालगी काढली. एकेका डालग्याखाली एकेक कोंबडी. पहिलीला मका सोडून सगळं. दुसरीला राळा सोडून. तिसरीला मेथीघास सोडून. चौथीला शेवगा सोडून. तांदुळजा थंडीनं कधीच संपला होता. राजगिऱ्यासाठी पाचवं डालगं नव्हतं, म्हणून लंगडी घेतली. कार्तिकात मुंगसानं तिचा पाय धरला होता, तेव्हापासून ती मागच्या गोठ्यात वेगळीच असायची. तिचा राजगिरा बंद केला. प्रत्येकीचं अंडं निघालं की त्यावर पेन्सिलनं खूण करायची आणि कोंड्यात पुरायचं. स्वतःच्या ताटातलं अंडं तिनं त्याच दिवशी बंद केलं.

दहा दिवस अंडी गोळा केली, पुढं आठ दिवस तशीच ठेवली. या दिवसांत थंडी वाढली. सकाळी डोंगराकडून धुकं यायचं आणि वाफे, कुंपण, देवकापसाची झाडं दिसेनाशी व्हायची. फक्त पांढरी बोंडं अधांतरी लटकल्यासारखी दिसायची. वाती चालूच होत्या, साडेआठ हजार राहिल्या होत्या. तीन वाजता ती सूप घेऊन बसायची आणि कोंबड्या यायच्या. डालग्यांतल्या चौघीही आतून मान वळवून बघायच्या, म्हणून ती त्यांनाही चिमूट चिमूट सरकी सोडायची. दया यायची तिला.

एकदा मुद्दाम ती बसलीच नाही. घरातून खिडकीआड उभी राहून बघत राहिली. कोंबड्या आल्या, ओट्यासमोर थांबल्या. रिकाम्या ओट्याकडं बघत राहिल्या. मग, कुणी टाळी वाजवावी तशा, सगळ्यांनी एकदम माना वळवल्या. खिडकीकडं.

तिनं पदर तोंडावर धरला. आतल्या खोलीत खाटेवरून त्रिंबक म्हणाले, "बाहेर जा, बाई. वाट बघायलेत."

*

माघातल्या एका सकाळी तिनं मोरीजवळ पाच वाट्या मांडल्या. मका नसलेलीचं फोडलं, गुलाबी. राळा नसलेलीचं, गुलाबी. मेथीघास, गुलाबी. शेवगा, गुलाबी, बलक शेवाळी. पाचवं लंगडीचं. पांढरं पाण्यासारखं नितळ आणि बलक पिवळाधमक, जागच्या जागी. तिनं लंगडीची दुसरी दोन फोडली. तशीच.

म्हणजे राजगिरा.

तिनं विळा घेतला आणि राजगिऱ्याचा वाफा उपटायला बसली. गुडघ्याएवढी लाल ताटं, कणसं भरत आलेली. पोट आडवं येत होतं, वाकलं की श्वास कोंडायचा. अर्धा वाफा झाला तेव्हा त्रिंबक काठी टेकत आले.

"काय उपटायलीस?"

"राजगिरा. यानंच होतंय, मामा."

"राजगिरा तर राजाबाईबी घालायची कोंबड्यांना. जलमभर घातला. तवा न्हाई झालं काही."

सत्यशीला विळा हातात धरून तशीच बसली. हातांना लाल रस लागला होता. लंगडीला राजगिरा बंद होता, हे खरं. पण आणखी काय बंद होतं? तिनं डोळे मिटून गोठा आठवला. सकाळी पाला, दुपारी भरडा, संध्याकाळी पाणी. तीन वाजता काही नाही. तीन वाजता ओट्यावरून उठून गोठ्यापर्यंत कोण जाणार? चारी डालग्यांना तिनं दिली होती. लंगडी एकटी तिच्या हातातून सुटली होती.

"सरकी," ती म्हणाली.

तिनं योगिनीला फोन लावला. योगिनीनं अर्ध्या तासानं परत केला.

"वहिनी, बरोबर आहे तुझं. कापसाच्या बियांत एक द्रव्य असतं, त्यानं बलक तसा होतो. आणि दुसरं काहीतरी असतं त्यानं पांढरं गुलाबी होतं. पिल्लंबी धरत नाहीत. हे माहीत असलेलं आहे. तू काय शोधलंस कळतंय का तुला?"

"ताई, मी रोज खाल्लं. कार्तिकापासून."

पलीकडं योगिनीनं लॅबचं दार लावून घेतलं.

"एका अंड्यात कितीसं येणार? मला नाही वाटत काही होईल. पण पाचवा महिना लागला की ये. सोनोग्राफी करून घेऊ."

"नाही वाटत का, नाही होत?"

"नाही वाटत," योगिनी म्हणाली. ती खोटं बोलणारी नव्हती.

सत्यशीला ओट्यावर येऊन बसली. दोन महिने आणि वर काही दिवस. रोज एक. या वाती मूल टिकावं म्हणून होत्या, आणि वातीतूनच निघालेलं बी तिनं कोंबडीच्या पोटातून आपल्या पोटात नेलं होतं. तिला रडू आलं नाही. ती हातांवरचा लाल रस पदरानं घासत राहिली.

त्रिंबक तिच्या शेजारी येऊन टेकले. कधी बसत नसत.

"अंगदच्या आधी आमची दोन गेली," ते म्हणाले.

तिला हे माहीत नव्हतं. घरात कुणी कधी बोललंच नव्हतं.

"तवाबी हीच झाडं व्हती का, मामा?"

"ही न्हाई, यांची आई म्हण. राजाबाईनं त्यांचंच बी लावलं. आन् सरकी टाकायची ती कोंबड्यांना, तुझ्यावानी. अंगदच्या टायमाला एक दिवस इथंच बसली व्हती. एकदम उठली, सूप घेतलं आन् चुलाण्यात उपडं केलं. मी म्हणलं, खुळी झालीस काय? तर म्हणली, कोंबड्या माझ्याकडं बघत्यात."

"मग?"

"मी म्हणलं, बघंनात. तर म्हणली, तोंडाकडं न्हाई हो. पोटाकडं."

त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मला वाटलं, गरवारपणाचं खूळ आसंल. इसरून गेलो. चुकलं माझं. तुला सांगाया पायजे व्हतं."

*

त्या दिवसापासून सरकी चुलाण्यात जाऊ लागली. तडतड वाजायची, तेलकट काळा धूर निघायचा आणि परसावर वितभर उंचीवर अडकून राहायचा. वाती तिनं सोडल्या नाहीत. अंगद म्हणाला, "बास कर आता." ती म्हणाली, "आर्ध्यात सोडू नको म्हणल्यात आत्या," आणि पुढचा पेळू ओढला. कोंबड्या पहिले दोन दिवस चुलाण्याभोवती फिरल्या. मग राळ्याच्या वाफ्याकडं वळल्या. उरलेल्या राजगिऱ्यावर तुटून पडल्या, भांडल्या, एकमेकींची पिसं उपटली. तो कलकलाट ऐकून सत्यशीलाला अंगावरचं ओझं उतरल्यासारखं हलकं वाटलं.

तांबडी पुन्हा खुडूक झाली होती. यावेळी फक्त लंगडीची अंडी तिच्याखाली ठेवली, सहा. लंगडीच्या गोठ्यात पंधरा दिवस आधीच कोंबडा सोडला होता. आठव्या दिवशी, रविवारी, साळूबाई कुंपणापाशी येऊन घुटमळली.

"बसवलीस म्हणं परत?"

"या की, मावशी. बघा."

कोठीच्या खोलीला खिडकी नव्हती. पत्र्याच्या दाराला खिळ्याचं एक भोक होतं. दार लावून घेतलं की बाहेरचं ऊन त्या भोकातून सरळ रेघेसारखं आत यायचं. सत्यशीलानं पहिलं अंडं भोकाला लावलं. अंधारात अंडं पेटल्यासारखं लाल झालं. आत शिरांचं जाळं होतं, बारीक, पिंपळाच्या जुन्या पानासारखं, आणि मधोमध एक काळा ठिपका. ठिपका हलत होता. थांबत होता, हलत होता.

"आगं बया," साळूबाई अंधारात पुटपुटली.

दुसऱ्यात तसंच. तिसऱ्यात, चौथ्यात, पाचव्यात. सहावं कोरं होतं, नुसता उजेड. सत्यशीलानं ते बाजूला ठेवलं.

"एक गेलं," साळूबाई म्हणाली.

"गेलं न्हाई, मावशी. धरलंच नव्हतं."

साळूबाईनं तिचा दंड धरला. "खुडूक पाठवते माझी," एवढंच म्हणाली. "चांगली बसणारी हाय."

ती गेली. तीन वाजत आले होते. अंगद उद्याच्या सोनोग्राफीची फाईल शोधत होता, त्रिंबक खाटेवर डुलक्या घेत होते. सत्यशीला ओट्यावर बसली, मांडीवर कापूस घेतला. शेवटच्या तीनशे वाती. चुलाण्यात निखारे होते, सरकी आज अजून टाकलेली नव्हती.

कलकलाट थांबला.

तिनं मान वर केली. कोंबड्या समोर उभ्या होत्या. किती दिवसांत आल्या नव्हत्या. तेरा जणी, अर्ध्या वर्तुळात, माना ताठ. सूप तिच्या डाव्या हाताला होतं, पण एकीचीही नजर सुपाकडं नव्हती. चुलाण्याकडं नव्हती. तिच्या तोंडाकडंही नव्हती. ती कितीही हलली तरी डोळे तिथंच होते, मांडीवरच्या कापसाच्या जरा वर.

"मामा," ती हळूच म्हणाली.

त्रिंबकांनी डोळे उघडले नाहीत. "गप बस," ते म्हणाले. "हलू नको."

ती हलली नाही. हातातला पेळू अर्धा ओढलेला राहिला. वारा पडला होता, धूर परसावर थांबला होता. आणि मग पोटात, डाव्या बाजूला, खालून कुणीतरी एकदा ठोकलं. बोटाच्या टोकानं दारावर ठोकावं तसं. थोडं थांबून पुन्हा.

पहिल्या दोघांनी तिला हे कधी कळूच दिलं नव्हतं. तरी तिला ओळख पटायला वेळ लागला नाही.

समोरच्या तेरा कोंबड्या एकदम एक पाऊल मागं सरल्या. मग त्यातल्या पांढरीनं मान खाली घातली, पायानं माती उकरली, आणि बाकीच्या राळ्याच्या वाफ्याकडं पळाल्या.

सत्यशीलानं उजव्या हातानं पोट धरलं आणि डाव्या हातानं सूप उचलून निखाऱ्यांवर उपडं केलं.